भाड्याची पेटी

अण्णा, पेडल म्हटलं की तुम्हाला तुमची सायकल आठवणार, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. मी म्हणते ते पेडल म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक लोखंडी डबी. स्टेजवर पायापाशी ठेवायची. एका बाजूने बेस गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूने वायर थेट साउंडवाल्याच्या बोर्डाकडे. अँप नाही, स्पीकरची पेटी नाही, उचलाउचल नाही. या डबीत अँपची नक्कल असते आणि पेटीचीही नक्कल असते. कुणीतरी परदेशात चांगल्या चांगल्या पेट्यांचे आवाज टिपून त्यात भरून ठेवलेत, आपण नुसतं बटण फिरवायचं आणि ठरवायचं की आज मी अमुक पेटीतून वाजतेय. पेटी कुठेच नसते. तुम्ही आयुष्यभर पेट्या ठोकल्यात, तुम्हाला हे ऐकून हसू येईल की राग, सांगता येत नाही. मला मात्र गेला महिनाभर नुसता वैताग आलाय.

ही वेळ आमच्या सरांमुळे आली. सर म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांच्याकडे मी वीस वर्षांहून जास्त काळ बेस वाजवते. तुम्ही त्यांना एकदा पाहिलंय, त्याबद्दल पुढे लिहिते. त्यांनी महिन्यापूर्वी रिहर्सल थांबवून जाहीर केलं की यापुढे स्टेजवर एकही अँप नको. गायकांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, टेम्पोत जागा जाते, आता सगळे कानात इअरफोन घालून वाजवतात. मग माझ्याकडे वळून, चहा सांगावा तितक्या सहज म्हणाले, "तुझं मुलुंडच्या प्रयोगापर्यंत जमलं तर बघ. नाहीतर बेस कीबोर्डवरून घेऊ. आजकाल सगळीकडे तसंच चालतं." मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, अण्णा. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने माझी खुर्ची न्यावी, हे मला सहन होणारं नव्हतं. मी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी अंधेरीच्या दुकानात गेले.

दुकानदार भला माणूस आहे, पण त्याच्याकडच्या शब्दांनी डोकं उठतं. हा आवाज वॉर्म, तो पंची, हा व्हिंटेज. मी विचारलं, यातला कुठला नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत ढोलकीच्या खालून ऐकू जाईल? तो म्हणाला, "मॅम, ते तुमच्या प्लेइंगवर आहे." म्हणजे आली का पंचाईत. घरी येऊन व्हिडिओ बघायला बसले. एक दाढीवाला परदेशी माणूस गादी लावलेल्या खोलीत बसून पाऊण तास एकच चाल वाजवतो आणि शेवटी सांगतो की सगळेच पेडल उत्तम आहेत. मग पाऊण तास कशाला घेतलास रे बाबा? पहिलं पेडल मैत्रीखात्यात कुणाकडून तरी आणलं, ते चालू केलं की कढईत मोहरी पडल्यासारखं तडतडायचं. दुसरं दुकानातून आठवडाभर वापरून बघायला घेतलं. घरी हेडफोनवर असं देखणं वाजलं की मी खूश. रिहर्सलला बोर्डात लावलं तर बेसच्या जागी पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज. ढोलकीवाला हसला. सर हसले नाहीत, ते मला जास्त लागलं.

त्यानंतरचं पेडल तर मोबाइलमधून चालवायचं होतं. बटणं तीनच, बाकी सगळं ॲपमध्ये. रिहर्सलच्या दिवशी सगळे वाद्यं लावून तयार, आणि माझा मोबाइल मला सांगतोय की आधी अपडेट करा. वीस मिनिटं ती रेघ पुढे सरकत होती आणि बारा माणसं माझ्या पायाकडे बघत उभी होती. शेवटी कीबोर्डवाल्याने माझी चाल डाव्या हाताने वाजवून रिहर्सल सुरू केली. वाईट वाजवली नाही त्याने. मी रिक्षात बसून घरी आले आणि आल्या आल्या भांडी घासायला घेतली, कारण काहीतरी घासायची गरजच होती.

हे सगळं चाललेलं असताना मी प्रत्येक पेडलमध्ये शोधत काय होते, ते मला फार उशिरा कळलं. मी तुमची पेटी शोधत होते.

तुम्हाला आठवत असणार. विक्रोळीच्या कंपनीत तुम्ही पॅकिंग खात्यात होतात. मशिनं परगावी जायची, तुम्ही त्यांच्यासाठी लाकडी पेट्या बनवायचात. घरात कुणी विचारलं की काय काम करता, तर तुम्ही म्हणायचात, दुसऱ्याचा माल सुखरूप पोचवतो. मी बेस वाजवायला लागले ती आपल्या विहाराच्या जयंतीच्या ऑर्केस्ट्रात, तिथला बेसवाला दुबईला गेला म्हणून. नवा अँप घेण्याची आपली ऐपत नव्हती.  कंपनीतून नापास झालेला जाड प्लायवूड गेटपासवर आणलात, कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून पंधरा इंची स्पीकर आणि एक सुटा जुना अँप्लिफायर आणलात आणि चार रविवार गॅलरीत ठोकत बसलात. शेजारीण विचारायची, काय कपाट का? तुम्ही मान हलवायचात. पाठीमागची फळी तेवढी स्क्रूने बसवलीत, बाकी सगळं खिळे आणि सरस. म्हणालात, "पेटी एकाच बाजूनं उघडली पाहिजे. चारी बाजूनं उघडती ती पेटी न्हाई."

आणि शेवटी, सवयीप्रमाणे, त्या पाठीमागच्या फळीवर तुम्ही कंपनीचे छाप मारलेत. उघडी छत्री, वर तोंड केलेले दोन बाण, आणि काचेचा पेला. नाजूक माल, सांभाळून. काळ्या रंगात, एकदम सरळ रेषेत. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि तो पेला बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आवाज असा होता की मी गप्प बसले. खालचा सूर वाजवला की तो खोलीत हिंडत नव्हता, पेटीपुढे येऊन उभा राहायचा.

आता घाटकोपरचं लिहिते. ते लिहायचं म्हणूनच कागद घेतला होता, तरी इतका वेळ पेडलचं पुराण लावत बसले. घाटकोपरच्या हॉलमध्ये माझा पहिला बाहेरचा कार्यक्रम, या सरांच्या ऑर्केस्ट्रात, एका दिवसापुरती बदली म्हणून. पेटी मला उचलवणारी नव्हती. तुम्ही सेकंड शिफ्ट बदलून घेतलीत, टेम्पोत पेटीशेजारी बसून आलात आणि खांद्यावर घेऊन जिना चढलात. कंपनीची खाकी तशीच अंगात. स्टेजवर सगळ्यांचे चकचकीत अँप मांडलेले. सरांनी त्या पेल्याच्या छापाकडे बघितलं, हसले आणि मला विचारलं, "ही पेटी कुणाची?"

तुम्ही दोन हातांवर उभे होतात. मी म्हटलं, "भाड्याची आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत.  मग पुढे होऊन, खालच्या आवाजात, जसा भाड्याने सामान देणारा माणूस विचारील तसं विचारलंत, "म्याडम, पेटी कुठं ठिवू?"

मी बोटाने जागा दाखवली. अण्णा, मी बोटाने दाखवली. तुम्ही ठेवलीत, खांद्यावरच्या फडक्याने वरची धूळ पुसलीत आणि कार्यक्रम संपेपर्यंत हॉलच्या मागच्या दाराशी टेम्पोवाल्याबरोबर उभे राहिलात. येताना टेम्पोत तुम्ही मला विचारलंत, आवाज मागपर्यंत येत होता, तुला तिथं ऐकू येत होता ना? मी हो म्हटलं. आईला तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. मीही नाही. सरांनी मला कायमची ठेवून घेतली, त्याचे पेढे वाटले, आणि तो विषय तिथेच मिटला असं मी धरून चालले.

पुढचं आणखी वाईट आहे. सरांच्या गिटारवाल्याने मला सांगितलं, तुझ्या पेटीचा आवाज कोंडल्यासारखा येतो, मोकळा नाही. मी एका दुपारी, तुम्ही ड्यूटीवर असताना, पाठीमागचे आठ स्क्रू काढले. आत आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. तिन्ही बाजूंना घड्या घालून, बारीक खिळ्यांनी ठोकलेली. मला हसूच आलं. म्हटलं, पॅकिंगवाला माणूस, रिकामी पेटी याला बघवत नाही, काहीतरी भरल्याशिवाय झाकण लावायचं नाही. उपटून काढली. विहारात ड्रमखाली अंथरली, ती तिथेच कुठेतरी गेली. पेटी बंद केली आणि वाजवली तर घुमायला लागली. एक ठरावीक सूर लागला की भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं. एवढ्यावर मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही, किंवा कळलं आणि मी कानाडोळा केला. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मीच तुमच्यावर चढले, की तुमची पेटी घुमते, कार्यक्रमात माझी वाट लागेल, शेवटी खोका तो खोकाच.

तुम्ही पेटी उचलून गॅलरीत नेलीत. आठवडाभर काहीतरी केलंत. मग म्हणालात, "आता वाजवून बघ की एकदा." तोवर सरांनी मला ऑर्केस्ट्राचा अँप वापरायला दिला होता. मी म्हटलं, नंतर बघते. विहारासाठी तुम्ही अजून दोन पेट्या करणार होतात, त्याचा प्लायवूडही आणून ठेवला होतात. त्याच्या तुम्ही मांडण्या केल्यात. परत कधी पेटी केली नाहीत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, ते "नंतर" काही आलं नाही.

पेटी आईकडेच आहे, विक्रोळीला, स्वयंपाकघरात. स्पीकरचं तोंड भिंतीकडे, पेला आणि छत्री आपल्याकडे, आणि वर आईचा मिक्सर. आई सगळ्यांना सांगते की याच्यावर मिक्सर अजिबात हलत नाही, ओट्यावर ठेवला तर नाचतो. मी हे वीस वर्षं ऐकतेय. मला वाटायचं, म्हातारीचं कौतुक.

शेवटी आमचा साउंडवालाच बोलला. तरुण आहे, पण कान पक्का. तिसरं पेडल परत करून मी चौथं आणलं होतं, त्यात बारा पेट्यांच्या नकला आणि शेवटच्या चार जागा रिकाम्या. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बारा पेट्या ऐकून बाराही वेळा नाक मुरडलंत. तुमच्या डोक्यात कुठलीतरी एक पेटी आहे. ती असेल कुठे, तर आपण तीच टिपू. या रिकाम्या जागा त्यासाठीच असतात." मी म्हटलं, ती बिघडलेली आहे, घुमते. तो म्हणाला, बघू तर.

तर गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघं आईकडे. आईने आधी चटणी वाटून घेतली आणि मगच मिक्सर उचलू दिला. पेटी फिरवली, पुढे माइक लावला. काम साधं आहे. पेटीतून एक सूर सोडायचा, अगदी तळापासून सुरू होऊन शिट्टीपर्यंत चढत जाणारा, आणि पेटी त्या सुराचं काय करते ते माइकने टिपायचं. कॉम्प्युटर त्यातून त्या पेटीचा स्वभाव काढतो आणि तो स्वभाव पेडलमध्ये भरता येतो. सूर चढत गेला. मी त्या ठरावीक जागेची वाट बघत दात आवळून उभी होते. ती जागा आली आणि गेली. घड्याळ हललं नाही. आई म्हणाली, हे काय गाणं म्हणायचं?

साउंडवाल्याने पुन्हा सूर सोडला, मग हेडफोन काढून म्हणाला, "ताई, ही पेटी घुमत नाही. आत काय भरलंय?"

मी म्हटलं, काही नाही, आत रिकामी आहे. मला खात्री होती, मीच तर रिकामी केली होती. तरी आईकडून स्क्रू ड्रायव्हर घेतला. आठ स्क्रू, सगळ्यांच्या चिरा एका रेषेत उभ्या, तुमच्या पद्धतीने. फळी निघाली. आत खाकी. तुमच्या कंपनीच्या खाकी कपड्यांची गोधडी, दुहेरी, आईच्या टाक्यांची. कडेला कंपनीतल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड पट्ट्या. आणि एका कोपऱ्यात एक खिसा तसाच राहिलेला, त्यावर तुमचा कामगार नंबर दोऱ्याने भरलेला.

आई ओट्यापाशीच उभी होती. म्हणाली, "मीच शिवून दिली. पोरीला सांगू नको म्हणाले." मी विचारलं, त्यांना कधी कळलं? आई म्हणाली, "त्याच दिवशी. पेटी उचलली तर हलकी लागली म्हणाले."

हलकी लागली. म्हणजे मी तुमच्यावर चढले होते, खोका म्हणाले होते, आणि तुम्ही पेटी हातात घेतल्या क्षणी ओळखलं होतंत की आतला माल कुणीतरी काढलाय. तीस वर्षं पेट्या उचललेल्या माणसाला मी हे शिकवायला निघाले होते. आणि तुम्ही गप्प. अण्णा, मला तुमचा राग आलाय, खरोखरचा. ओरडायचं होतंत. दोन कानाखाली वाजवायच्या होत्यात. घाटकोपरच्या जिन्यावर पेटी टाकून निघून जायचं होतंत, म्हणजे मला तिथल्या तिथे रडता आलं असतं आणि विषय संपला असता. तुम्ही काय केलंत, तर मुकाट्याने स्वतःचे कपडे फाडलेत आणि एकदा वाजवून बघ म्हणालात. एकदा! आग्रह करायचा असतो हो माणसाने. दुसऱ्यांदा म्हणाला असतात तर मी वाजवलीही असती. बहुतेक. तुम्हाला आवाजातलं खरंच कळत होतं की पहिली गोधडी तुम्ही निव्वळ पॅकिंगच्या सवयीने भरली होतीत, हेही आता कुणाला विचारू? आईला विचारलं तर ती म्हणते, मला काय माहीत, माझी चांगली गोधडी गेली एवढं खरं.

साउंडवाला समजूतदार निघाला. त्याने वायरी गुंडाळायचं सोंग केलं. मग आम्ही फळी लावली, स्क्रूच्या चिरा मी पुन्हा एका रेषेत आणल्या, आणि पेटी टिपून घेतली. पेडलही तेच ठेवून घेतलं, चौथं. दुकानदाराने फोनवर विचारलं की शेवटी कुठला साउंड आवडला. मी म्हटलं, रिकाम्या जागा आवडल्या. त्याला काय कळणार.

काल मुलुंडचा प्रयोग झाला. सगळं झकास झालं असं लिहिणार नाही, तुम्हाला खोटं चालत नाही. एका लावणीत बेस कमी पडला आणि दोन गाण्यांत मला पायाखालचं बटण सापडेना. पण मागच्या दारापाशी, जिथे तुम्ही उभे राहिला असतात तिथे, साउंडवाल्याने मध्यंतरात जाऊन ऐकलं आणि मला अंगठा दाखवला. सूर हिंडत नव्हता. कीबोर्डवाल्याचा डावा हात रात्रभर त्याच्या स्वतःच्या कामात होता. पुढच्या तीन तारखा सरांनी मला तिथेच सांगितल्या.

हे पत्र मी आईलाही वाचून दाखवणार नाही. तिला घाटकोपरचं अजून माहीत नाही, आणि या वयात तिच्या शिव्या खायची माझी तयारी नाही. तुमच्यापर्यंत तर ते पोचवणार कोण. म्हणून आता शेवटचं तेवढं लिहून टाकते.

प्रयोग संपल्यावर सर माझ्यापाशी आले. डबीकडे बघितलं, खूश होते. म्हणाले, "आज आवाज वेगळाच होता. कुठली पेटी लावलीस?" माणूस तोच, प्रश्न तोच, आणि या वेळी माझ्याकडे बावीस वर्षांच्या वयाचं कारणही नव्हतं. साउंडवाला तीन हातांवर वायरी गोळा करत होता, पेटी कुणाची ते त्याला माहीत होतं. तोंड उघडायला मला तितकाच वेळ लागला जितका घाटकोपरला लागला होता.

मी म्हटलं, "इम्पोर्टेड आहे."

साउंडवाल्याने एकदा वर बघितलं आणि पुन्हा वायरी गोळा करायला लागला. तुम्ही शेजारी असतात, अण्णा, तर ती डबी दोन्ही हातांत अशी धरली असतीत, जणू आताच बोटीतून उतरवलीय.